चौघांत रेस करायची तर दिवस कसा लावायचा : मुंबई बंदरातल्या सेलिंगचं सविस्तर मार्गदर्शन

बऱ्याच जणांनी विचारलं की चोवीस फुटी किलबोटीवर (तळाला जड पातं, म्हणजे कील, असलेली शिडाची बोट) पाच माणसं लागतात, आमची चारच जमतात, मग रेसला उतरावं का. नक्की उतरा. जे-२४ सारख्या बोटीवर सहसा पाच जण असतात हे खरं, पण आम्ही दोन सीझन चौघांतच काढले आणि एक गोष्ट पक्की समजली, हात कमी असले की प्रत्येक काम एक मिनिट आधी उरकलेलं असायला लागतं, कारण ऐन वेळेला मोकळा हात कुणाकडेच नसतो. खाली जे काही सांगतेय ते सगळं या एका मिनिटाबद्दलच आहे असं समजा. मी पुढे बोवर, म्हणजे बोटीच्या नाकावर असते त्यामुळे स्पिनेकरबद्दल (वारा मागून असताना पुढे फुगवायचं मोठं शीड) जरा जास्त लिहिलं जाईल.

जागा म्हणजे मुंबई बंदर, गेटवेच्या समोरचं पाणी. १९८२ च्या एशियाडच्या सेलिंग शर्यती मुंबईतच झाल्या होत्या आणि फारोख तारापोर-झरीर करंजिया जोडीने फायरबॉल क्लासमध्ये (क्लास म्हणजे बोटीचा प्रकार) सुवर्ण मिळवलं होतं, त्यामुळे इथे रेस करताना मला तरी नेहमी छान वाटतं. सीझन ढोबळमानाने ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बोटी वर काढलेल्या असतात.

आदल्या रात्री : आधी तिथी बघा

वाऱ्याचं ॲप सगळेच बघतात. भरती-ओहोटी मात्र अर्धे लोक बोटीवर चढल्यावर बघतात आणि मुंबईत तीच जास्त नडते. उधाणाला इथे पाणी चार मीटर किंवा त्याहूनही जास्त चढतं-उतरतं, एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि बाहेर जायचं म्हणजे ओढ किती असेल विचार करा.

टाइड टेबल हाताशी हवंच, पण कोळीवाड्यातला हिशोबही डोक्यात ठेवा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बारा वाजता सुकती, पूर्ण ओहोटी. दोन्ही पक्षांत हाच हिशोब. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास इकडेतिकडे होतो पण चित्र लगेच डोळ्यासमोर येतं. समजा रेस दोन वाजता आणि तिथी द्वितीया, तर तुम्ही स्टार्ट घेताय तेव्हा ओहोटी नुकती लागलेली असेल आणि दुसऱ्या लॅपला, चार-साडेचारला, ती सगळ्यात जोरात असेल, कारण पाणी सहा तासांत सारखं उतरत नाही, पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण म्हणून ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, म्हणून कमी.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि केबिनच्या दाराशी चिकटवा. भरती किती वाजता, सुकती किती वाजता, ओढ सगळ्यात जास्त केव्हा. तीनच ओळी पुरे.

वाऱ्याचं म्हणाल तर हिवाळ्यात सकाळी मतलई वारा, जमिनीवरून येणारा, तो दहा-अकराला मरतो, मग थोडा वेळ काहीच नाही, मग दुपारी वायव्येकडून खारा वारा भरायला लागतो आणि तीन-चारपर्यंत दहा-पंधरा नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो. म्हणून सकाळी पाणी आरशासारखं दिसलं तरी छोटं सेल (शीड) विसरून निघू नका, मोठंही बरोबर हवंच.

कुणी काय करायचं ते किनाऱ्यावरच ठरवा

चौघांची वाटणी आम्ही अशी करतो. हेल्म, म्हणजे सुकाणूवरचा माणूस, आमच्याकडे काका, सुकाणू आणि मेनशीट (मुख्य शीड, म्हणजे मेन, ओढायची दोरी) दोन्ही सांभाळतात. ट्रिमर जेनोआ (पुढचं मोठं शीड) आणि स्पिनेकरची शीट, म्हणजे शीड ओढायची-सोडायची दोरी. तिसरा माणूस पिटमध्ये, बोटीच्या मधल्या भागात, सगळे हॅलयार्ड (शीड वर चढवायच्या दोऱ्या), पोलचा (स्पिनेकर बाहेर धरणारा दांडा) टॉपिंग लिफ्ट आणि डाउनहॉल, म्हणजे तो दांडा वर-खाली धरणाऱ्या दोऱ्या, शिवाय घड्याळ त्याच्याकडे. चौथी मी, बोवर, पोल आणि स्पिनेकर. पाचवा माणूस नसल्यामुळे टॅक्टिक्स कुणाचं हा प्रश्न येतो आणि इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. आमचं उत्तर असं, अपविंडला, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने वर जाताना, ट्रिमर बोलतो कारण तो रेलवर, बोटीच्या काठावर, बसून सगळं बघू शकतो, डाउनविंडला, म्हणजे वारा मागून असताना, पिटवाला बोलतो कारण तेव्हा ट्रिमरचे डोळे स्पिनेकरवरून हलत नाहीत. बाकीच्यांनी फक्त माहिती द्यायची, “उजवीकडून गस्ट येतोय” (वाऱ्याचा झोत), “मार्क दिसला” (वळसा घालायचा बोया), एवढीच. निर्णय एकाचाच. काकांना सुद्धा हे मान्य करायला चार रेस लागल्या पण त्यानंतर बोट खरंच शांत झाली आणि वेगही वाढला.

शब्दही ठरवून घ्या. “तयार?”, “तयार”, “टॅक” (बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून वळणं). “हॉइस्ट” म्हटलं की हॉइस्ट, म्हणजे शीड वर, त्याच्या आधी “अजून नको” किंवा “थांब जरा” असलं काही नको कारण वाऱ्यात अर्धं वाक्यच ऐकू येतं. नवीन माणूस असेल तर किनाऱ्यावर चटईवर बसून पोल हातात देऊन एकदा जाईबची (वारा मागून असताना शिडं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेणं) रंगीत तालीम करून घ्या, दहा मिनिटं लागतात.

खायचं-प्यायचं थोडक्यात सांगते. माणशी दोन लिटर पाणी, पोळी-भाजीच्या सुरळ्या कारण एका हाताने खाता येतात, कोकम सरबताची बाटली, ज्याला बोट लागते त्याला आलेपाक. ग्लोव्हज, टोपीला दोरी, न घसरणारे बूट. लाइफ जॅकेट सगळ्यांनी निघतानाच घालायचं, रेस कमिटीने वाय झेंडा (जॅकेट सक्तीचं असल्याची खूण) लावायची वाट बघायची नाही.

बोटीवर गेल्यावर

रेस दोनला असेल तर आम्ही साडेअकराला मूरिंगवर, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागी, असतो. पहिलं काम पाण्याखालचं. कील आणि रडरवर (सुकाणूचं पातं) प्लास्टिक, जाळ्याचा तुकडा, दोरी काही अडकलंय का ते बघा, पाणी गढूळ आहे, दिसणार नाही, म्हणून बोट थोडी पुढे-मागे करून बघा किंवा कुणीतरी पाण्यात उतरा. आमची एक अख्खी रेस नायलॉनच्या दोरीमुळे गेली होती, सगळं ट्रिम बरोबर असून बोट पुढे जाईना, आम्ही शीट ओढतोय, सोडतोय, मास्टकडे, म्हणजे डोलकाठीकडे, बघतोय आणि दोष खाली होता. आता स्टार्टच्या आधी पाच मिनिटं एकदा उलटं सेल करून, म्हणजे सेल बॅक करून बोट मागे नेऊन, अडकलेलं काही असेल तर झटकून टाकतो. यात काही खर्च नाही, नक्की करा.

मग शॅकल, पिना, रिंगा, सगळ्यांवर टेप. बेलर, नांगर, जादा दोरी, चाकू, व्हीएचएफ रेडिओ चालू आणि चॅनल १६, आणीबाणीचं, ऐकू येतंय का. किनारा सोडतानाच नोटीसबोर्डाचा फोटो काढून घ्या, सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये कोर्सचे आकडे, मार्क डावीकडे ठेवायचे की उजवीकडे, टाइम लिमिट, हे सगळं असतं आणि पाण्यावर गेल्यावर ते आठवत नाही.

आता स्पिनेकर. मार्क डाव्या हाताला ठेवून वळायचे असतील तर पहिल्या मार्कला तुम्ही स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून घेत, येणार, म्हणून स्पिनेकर पोर्टच्या, डाव्या, बाजूने वर जाणार. म्हणून बॅग मूरिंगवरच पोर्ट रेलला लावून टाका. तिन्ही कोपरे बॅगच्या तोंडाशी बाहेर हवेत, मधे पीळ नको, त्यासाठी पॅक करताना दोन्ही कडा हाताने शेवटपर्यंत चाचपत जायचं. मग शीट, गाय (पोलच्या टोकाकडची दोरी) आणि हॅलयार्ड सगळ्यांच्या बाहेरून नेलेत का ते बोट फिरवत बघा, श्राउडच्या (मास्टला बाजूने ताणणाऱ्या तारा) बाहेरून, जेनोआ शीटच्या वरून, लाइफलाइनच्या बाहेरून. मी हे दोनदा बघते, एकदा मूरिंगवर आणि एकदा स्टार्टच्या दहा मिनिटं आधी. एकदा हॅलयार्ड जेनोआ शीटच्या खालून गेला होता, स्पिनेकर अर्ध्यावर अडकला, वाऱ्याने फुगला आणि खाली आणायला तिघं लागले, मग सुकाणूवर काका एकटे. चौघांत ही चूक परवडत नाही.

लाइनवर जाऊन काय बघायचं

स्टार्टच्या निदान पाऊण तास आधी लाइनवर पोचा. कोर्सवर थोडं अपविंड जाऊन या, दोन्ही टॅकवर होकायंत्राचे आकडे घ्या आणि ते डेकवर ग्रीज पेन्सिलने लिहा. म्हणजे नंतर आकडा बदलला की लिफ्ट (वारा फायद्याकडे फिरला) आहे की हेडर (तोट्याकडे) ते लगेच कळतं. वारा वायव्येचा असेल तर तो कुलाब्याच्या इमारतींवरून येतो, त्यामुळे किनाऱ्याजवळ तो तुकड्या-तुकड्यांत येतो, मधेच भोक पडल्यासारखा थांबतो. तिकडे ओढ कमी असते म्हणून मोह होतो पण वारा मेला की कमी ओढीचा उपयोग नाही. माझं मत असं की भांगाच्या दिवसांत किनाऱ्याला जायचं कारणच नाही, उधाणात ओहोटी पूर्ण जोरात असेल तरच विचार करावा.

मग कमिटी बोटीपाशी जाऊन पिनच्या (स्टार्टलाइनच्या दुसऱ्या टोकाचा बोया) पलीकडे किनाऱ्यावर काय दिसतं ते बघा, एखादी ठरलेली इमारत, पाण्याची टाकी, काहीही. ही सीध. गर्दीत लाइन कुठे आहे ते कळत नाही, पण सीध जुळली की कळतं. बहुतेक बोटी घाबरून लाइनच्या मागेच राहतात, त्यामुळे सीध असलेल्याला फुकटात एक बोट-लांबी मिळते.

आणि आता ओढ. वायव्येचा वारा, तर लाइन साधारण ईशान्य-नैऋत्य पडते, कमिटी बोट उजवीकडे, पिन डावीकडे. ओहोटीचं पाणी बंदरातून बाहेर, नैऋत्येकडे जातं. म्हणजे ओहोटीत सगळा फ्लीट हळूहळू पिनकडे ढकलला जातो. दोन नॉटची ओढ असेल तर मिनिटाला साठ मीटर, म्हणजे अर्ध्या मिनिटात चार बोटींएवढं अंतर तुम्ही काहीही न करता सरकता. ओहोटीत पिनकडे स्टार्ट घ्यायचा विचार असेल तर नेहमीपेक्षा उशिरा निघा, नाहीतर लाइन संपते आणि तुम्ही पिनच्या पलीकडे जाता. भरतीत उलटं, कमिटी बोटीकडे दाबले जाता, तिथे वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या, बाजूने घुसणाऱ्याला जागा द्यायला खालचा बांधील नसतो, म्हणून भरतीत लाइनच्या मधून स्टार्ट घेणं आम्हाला बरं पडतं.

पाच मिनिटं

पाच मिनिटांना क्लासचा झेंडा आणि आवाज. चारला प्रिपरेटरी झेंडा, बहुतेक वेळा पी, निळा आणि मधे पांढरा चौकोन. एक मिनिटाला प्रिपरेटरी खाली आणि एक लांब आवाज. शून्याला क्लासचा झेंडा खाली, सुटा. वेळ झेंड्याने धरायची, आवाजाने नाही, भोंगा वाजला नाही तरी झेंडा पडला की झालं. पिटवाल्याने घड्याळ झेंडा बघूनच दाबायचं आणि चारला परत तपासायचं. पी च्या जागी यू असेल तर शेवटच्या मिनिटात लाइन आणि पहिल्या मार्कच्या त्रिकोणात गेलात तर बाद, पण जनरल रिकॉल, म्हणजे सगळ्यांना बोलावून नवा स्टार्ट, झाला तर परत संधी मिळते. काळा झेंडा असेल तर तीही नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एपी वर असेल तर थांबा, तो खाली आल्यावर एक मिनिटाने पाच मिनिटांचा झेंडा येतो. या एका मिनिटात सँडविच हातात असलेले बरेच लोक मी पाहिलेत.

सुटल्यावर एक्स झेंडा, पांढऱ्यावर निळा क्रॉस आणि आवाज आला तर कुणीतरी आधी गेलंय. आपण असू अशी शंका असेल तर लगेच परत या, दहा सेकंद जातील पण पूर्ण रेस वाचेल.

स्टार्टच्या आधीची तीन मिनिटं बोलणं फक्त दोघांचं. पिटवाला वेळ मोजतो, मी बोवर उभी राहून बोटं दाखवते, किती बोट-लांब्या उरल्या. ओरडून उपयोग नाही, जेनोआच्या फडफडण्यात काही ऐकू जात नाही. काकांना पुढचं दिसत नाही म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवून ठेवल्यात. मूठ म्हणजे थांबा, वर बोट म्हणजे वेग घ्या.

नियम सगळे वाचा, सध्याचं पुस्तक २०२५-२०२८ चं आहे, पण डोक्यात निदान एवढे असू द्या. पोर्ट टॅकवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. एकाच टॅकवर वरच्याने, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्याने, खालच्याला वाट द्यायची. मागच्याने पुढच्याला. टॅक चालू असताना तुम्हीच बाजूला राहायचं. मार्कपासून तीन बोट-लांब्यांचा घेर, चोवीस फुटी बोटीला साधारण बावीस मीटर, त्यात शिरताना आतल्या बाजूला ओव्हरलॅप (बोटी एकमेकींच्या बाजूला आलेल्या) असलेल्याला जागा द्यायची.

अपविंड

आम्ही चौघं म्हणून वजन कमी पडतं, गस्टमध्ये बोट लवकर कलते. पाच जणांच्या बोटीशी बरोबरी करायची असेल तर बॅकस्टे (मास्टला मागून ताणणारी तार) लवकर ओढा, मेन सपाट करा, ट्रॅव्हलर (मेनशीट बाजूला सरकवायची पट्टी) खाली सोडा. वारा सतत अठराच्या वर जायला लागला की जेनोआ काढून जिब (पुढचं छोटं शीड) लावायचा निर्णय रेस सुरू व्हायच्या आधीच घ्या, मधे बदलणं चौघांना जड जातं. हलक्या वाऱ्यात कमी वजन फायद्याचं असतं, तेव्हा जोखीम घ्या.

ओहोटीत उजवी बाजू धरा. सगळे डावीकडे ढकलले जातायत, त्यामुळे शेवटची टॅक नेहमीच्या ले-लाइनवर (जिथून सरळ मार्क गाठता येतो ती रेघ) मारली तर तुम्ही मार्कच्या डावीकडे, खाली जाऊन पडता आणि मग अजून दोन टॅक. चौघांत दोन जादा टॅक म्हणजे दमणूक. म्हणून थोडं जास्त उजवीकडे जाऊन मग वळा. मार्कच्या मागे किनाऱ्यावरचं काहीतरी पकडा, मार्क आणि इमारत एकाच सिधेत राहिले तर तुम्ही बरोबर जाताय, इमारत मार्कच्या डावीकडे सरकायला लागली तर ओढ तुम्हाला खाली नेतेय.

मांडवा-घारापुरीच्या लाँच, टग, नांगरलेली जहाजं सगळं मधे असतं. चॅनेलमधून जाणाऱ्या मोठ्या जहाजाच्या वाटेत जाऊ नका, आपण रेसमध्ये आहोत हे त्यांच्यासाठी कारण होत नाही. जहाजाच्या आडोशाला वाराही गायब होतो. कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये दिसले की लांबून जा, ते त्यांचं पोट आहे.

वरचा मार्क आणि स्पिनेकर

मार्कच्या दहा-बारा बोट-लांब्या आधी मी पुढे जाते, पोल मास्टला आणि गायला लावते, पिटवाला टॉपिंग लिफ्ट चढवतो. याच्या पुढे गेलात तर उशीर झाला. मार्क वळलं की काका बोट वाऱ्याबरोबर खाली वळवतात, मेन सुटते, “हॉइस्ट” म्हटलं की पिटवाला हॅलयार्ड ओढतो आणि मी मास्टपाशी उभी राहून वरून खेचते, ट्रिमर गाय मागे घेतो पण शीट अजून सैल. पूर्ण वर गेल्यावर “मेड” ओरडायचं, तेव्हाच शीट. आधी शीट ओढली तर स्पिनेकर अर्ध्यावर फुगतो आणि मग तो वर जात नाही. फुगला की जेनोआ खाली, तीस सेकंदांत.

जाईबला चौघांची कसोटी. काका टिलर पायात धरतात, मेन हाताने पलीकडे टाकतात, ट्रिमर दोन्ही शीट घेऊन स्पिनेकर फुगलेला ठेवतो, मी पोल मास्टवरून काढून नव्या गायला लावते आणि मग जुनं टोक सोडून मास्टला. घाई काकांनी करायची नाही, बोट सरळ खाली जात राहिली की पोल अलगद बसतो. वारा जास्त असेल तर जाईब टाळून लांबचा कोन घ्या, त्यात लाज नाही.

खालच्या मार्कला लवकर उतरवा. आम्ही सहा बोट-लांब्या आधी जेनोआ वर घेतो, मग पोर्टच्या बाजूने स्पिनेकर केबिनच्या दारातून आत. पोर्टलाच उतरवला की पुढच्या हॉइस्टसाठी बॅग योग्य बाजूला असते. पोर्ट टॅकवर येत असाल तर पोल आधी काढा आणि वाऱ्याच्या बाजूने खेचा.

कुणी पाण्यात पडलं तर

रेस तिथेच सोडा. एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, दुसरं काही नाही. स्पिनेकर खाली, बोट वाऱ्यावर, खालच्या बाजूने जवळ जा. तिघांनी ओल्या माणसाला वर ओढणं कठीण असतं म्हणून दोरीचा एक फास करून ठेवलाय, पाय ठेवायला. दुसऱ्या बोटीचा माणूस पडलेला दिसला तरी थांबायचं, नियमच आहे तो, आणि मदत केली म्हणून गेलेल्या वेळेची भरपाई मागता येते.

फिनिशनंतर

मार्कला धडकलात तर एक गोल फिरून शिक्षा, दुसऱ्या बोटीला अडवलंत तर दोन. ते त्याच वेळी, बाजूला होऊन. प्रोटेस्ट, म्हणजे नियमभंगाची तक्रार, करायची असेल तर लगेच “प्रोटेस्ट” ओरडा आणि लाल झेंडा लावा, सहा मीटरच्या वरच्या बोटीला तो लागतो. किनाऱ्यावर जाऊन आठवलं तर चालत नाही.

मूरिंगवर आल्यावर हॅलयार्ड, ब्लॉक, विंच सगळं गोड्या पाण्याने धुवा. स्पिनेकर ओला गुंडाळू नका, घरी नेऊन गच्चीवर वाळवा. मग चहा पिताना आम्ही एका वहीत लिहितो, तिथी कोणती, पाणी कुठल्या बोयापाशी किती वाजता फिरलं, वारा किती वाजता भरला. पिन कमिटीने कुठे लावला होता तेही. यंदाच्या वहीत आता अठरा रविवार झालेत, आणि पाऊणपटीचा हिशोब आमच्या पाण्यावर किती मिनिटांनी मागे-पुढे पडतो ते तिसऱ्या पानापासूनच दिसायला लागलंय.